रमाबाईंच्या वाड्यातून वॉर्डाकडे

बारावीचा निकाल लागला की पांढरकवड्यातल्या नेट कॅफेत पाय ठेवायला जागा नसते. कुणी इंजिनीअरिंगचा फॉर्म भरतंय, कुणी बी.एस्सी.चा, कुणी नुसतंच मार्कशीट घेऊन विचारत उभं आहे. चार-पाच वर्षांपूर्वी माझ्या वर्गातली एक मैत्रीण अशीच नर्सिंगचा फॉर्म भरायला आली होती. सोबत वडील होते. सायन्सला मार्क चांगले होते, जातीचा दाखला हातात होता, पहिल्या वर्षाच्या फीचीही सोय झाली होती. वडील अडले ते एकाच गोष्टीपाशी. रात्रपाळी. रात्रभर पोरगी परक्या माणसांत राहणार, कुणाकुणाचं अंग पुसणार, उद्या सोयरीक घेऊन कोण येईल? फॉर्म त्या दिवशी भरला गेला नाही. नंतरही नाही. तिने बी.ए. केलं.

मला तेव्हा वाटलं होतं, हा आपल्या गावाचा प्रॉब्लेम आहे. पुण्या-मुंबईत असं नसणार. मग या पानासाठी वाचायला बसले आणि कळलं, हेच आक्षेप शंभरपेक्षा जास्त वर्षांपूर्वी थेट पुण्यातच घेतले गेले होते. रात्रपाळी, परका पुरुष, विटाळ, लोक काय म्हणतील. सगळं तेच. आणि त्या आक्षेपांसमोर एक बाई ठामपणे उभी राहिली होती. ती बाई आपल्याला लहानपणापासून माहीत आहे. फक्त तिची ही बाजू आपल्याला कुणी सांगितली नाही.

झोक्यावरची रमा

'उंच माझा झोका' ही मालिका २०१२ मध्ये सुरू झाली तेव्हा आपल्यातले बरेच जण चौथीच्या आत होते. संध्याकाळी आजी टीव्हीसमोर बसायची आणि तिच्यासोबत आपणही. नऊवारीतली छोटी रमा, हातात पाटी, समोर गंभीर चेहऱ्याचे माधवराव. रमाबाई रानडे म्हटलं की आजही डोळ्यांसमोर तेच चित्र येतं. न्यायमूर्तींची शिकलेली बायको. पण रमाबाईंच्या आयुष्यातलं स्वतःचं मोठं काम सुरू झालं ते त्या चाळिशीच्या उंबरठ्यावर होत्या तेव्हा, आणि तेही नवरा गेल्यानंतर.

त्यांचा जन्म १८६२ चा. गाव देवराष्ट्रे, आताच्या सांगली जिल्ह्यातलं. पुढे यशवंतराव चव्हाणांचा जन्मही याच गावातला. माहेरचं आडनाव कुर्लेकर, नाव यमुना. घर सुखवस्तू, पण मुलींना अक्षरओळख करून द्यायची पद्धत नव्हती. वयाच्या अकराव्या वर्षी, १८७३ मध्ये, तिचं लग्न महादेव गोविंद रानड्यांशी झालं. ते तिशी ओलांडलेले, पुण्यात न्यायाधीश, आणि नुकतीच पहिली पत्नी वारलेली. विधवाविवाहाचा उघड पुरस्कार करणाऱ्या या माणसाने स्वतःची वेळ आल्यावर वडिलांच्या आग्रहापुढे मान तुकवली आणि अकरा वर्षांच्या मुलीशी लग्न केलं. यावरून त्यांच्यावर त्या काळी टीका झाली, आजही होते. ती टीका चुकीची नाही.

लग्नानंतर लगेच शिकवणी सुरू झाली. आधी मराठी मुळाक्षरं, मग वाचन, मग इंग्रजी. इंग्रजी शिकवायला मिस हरफर्ड नावाच्या बाई यायच्या. घरातल्या वडीलधाऱ्या बायकांना हे अजिबात पटत नव्हतं. परधर्माच्या बाईजवळ बसून शिकायचं म्हणजे सोवळ्याओवळ्याचा प्रश्न आलाच. उघड भांडण कमी, टोमणे जास्त. बोलणं बंद करणं, कामाला जुंपणं, येता-जाता हिणवणं. नवरा दिवसभर कोर्टात आणि ही त्या घरात एकटी. रमाबाईंनी उलटून उत्तरं दिली नाहीत, पण पुस्तकही खाली ठेवलं नाही. १८८४ मध्ये पुण्यात मुलींसाठी हायस्कूल काढायची हालचाल सुरू होती, तेव्हा भरसभेत, गव्हर्नरांसमोर त्यांनी इंग्रजीतून निवेदन वाचलं. बाहेर कौतुक झालं आणि घरी आल्यावर बोलणी बसली. ते हायस्कूल म्हणजे आजची हुजूरपागा.

हा भाग मालिकेमुळे आपल्याला माहीत आहे. एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा. शिकताना स्पर्शाचा, विटाळाचा आणि चार लोक काय म्हणतील याचा त्रास काय असतो, तो रमाबाईंनी अकराव्या वर्षापासून भोगला होता. पुढे विधवा मुलींना हॉस्पिटलमध्ये पाठवायची वेळ आली तेव्हा हाच अनुभव कामाला आला.

बाईला तपासायला बाई नव्हती

आता थोडं त्या काळातल्या दवाखान्यांकडे वळू. नर्सिंग हे शिकून करायचं काम आहे, ही कल्पनाच तेव्हा नवी होती. क्रिमियन युद्धातल्या कामानंतर फ्लॉरेन्स नाइटिंगेलने लंडनच्या सेंट थॉमस हॉस्पिटलमध्ये नर्सेसची शाळा काढली ती १८६० मध्ये, म्हणजे रमाबाईंच्या जन्माच्या दोन वर्षं आधी. नाइटिंगेल स्वतः कधी भारतात आली नाही, पण इथल्या आरोग्याबद्दल ती आयुष्यभर लिहीत राहिली. रानडे ज्या पुण्याच्या सार्वजनिक सभेचे आधारस्तंभ होते, त्या सभेशीही तिचा पत्रव्यवहार होता.

आपल्याकडे पुण्याचं ससून हॉस्पिटल १८६७ मध्ये सुरू झालं. मुंबईत बायकांसाठीचं कामा हॉस्पिटल १८८६ मध्ये उघडलं. १८९१ मध्ये काशीबाई गणपत यांनी मुंबईत नर्सिंगचं प्रशिक्षण घ्यायला सुरुवात केली आणि नर्सिंगच्या इतिहासाच्या पुस्तकात पहिल्या भारतीय विद्यार्थिनी म्हणून त्यांचं नाव येतं. पण अशा बायका हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. हॉस्पिटलमधल्या नर्सेस बहुतेक युरोपियन, अँग्लो-इंडियन किंवा ख्रिस्ती. वॉर्डात आपण सहज सिस्टर म्हणून हाक मारतो, तो शब्दही ख्रिस्ती जोगिणींच्या परंपरेतून आलेला आहे. हिंदू-मुसलमान घरांतल्या बायका पेशंट म्हणूनही हॉस्पिटलची पायरी चढायला घाबरायच्या. बाळंतपण घरातच, अंधाऱ्या खोलीत, सुईणीच्या हातून.

त्यात १८९६ च्या शेवटी प्लेग आला. १८९७ मध्ये पुण्यात गोरे सोल्जर घरोघर घुसून तपासण्या करू लागले, बायकांनाही तपासू लागले, आणि शहर पेटून उठलं. त्या वर्षी जूनमध्ये रँडवर गोळ्या झाडल्या गेल्या, हे आपण शाळेत शिकतो. त्याच प्लेगमध्ये रोग्यांची सेवा करताना मार्चमध्ये सावित्रीबाई फुले गेल्या. या सगळ्यातून एक साधी गोष्ट दिसत होती. आपल्याकडे, आपल्या भाषेत बोलणाऱ्या, शिकलेल्या, तापाचा तक्ता वाचता येणाऱ्या बायका हव्या होत्या आणि त्या जवळजवळ नव्हत्या.

नवरा गेल्यानंतर

१६ जानेवारी १९०१ रोजी मुंबईत न्यायमूर्ती रानडे गेले. शेवटचे काही महिने हृदयाच्या दुखण्याने त्यांना हैराण केलं होतं आणि उशाशी रमाबाई होत्या. तेव्हा त्या एकोणचाळिशीच्या आसपास. मूलबाळ नाही. त्या काळच्या हिशेबाने एका विधवा बाईचं आयुष्य तिथे संपायचं. माजघर, पोथी, जपमाळ.

रमाबाई पुण्याला परत आल्या. सुरुवातीचा काळ त्यांनी जवळजवळ घरातच काढला. मग हळूहळू बाहेर पडल्या. रानड्यांची धार्मिक विषयांवरची व्याख्यानं छापून घेतली. येरवड्याच्या तुरुंगात बायका-कैद्यांना भेटायला जाऊ लागल्या. १९०४ मध्ये मुंबईत भारत महिला परिषद भरली, तिच्या अध्यक्ष त्या होत्या.

१९०८ मध्ये मुंबईत बेहरामजी मलबारी आणि दयाराम गिदुमल या दोघांनी सेवासदन नावाची संस्था काढली. मलबारी पारशी पत्रकार, गिदुमल सिंधी न्यायाधीश. भारतीय बायकांना सेवेचं, शुश्रूषेचं शिक्षण देणं हा त्यामागचा एक मुख्य विचार. अध्यक्षपदासाठी दोघेही रमाबाईंकडे आले. पुढच्याच वर्षी, १९०९ मध्ये, पुण्यात सेवासदन सुरू झालं, तेही रमाबाईंच्या स्वतःच्या वाड्यात. सोबत होते भारत सेवक समाजाचे गोपाळ कृष्ण देवधर. देवधरांकडे धावपळ आणि हिशेब, रमाबाईंकडे बायका आणि त्यांची घरं. १९१० मध्ये त्यांचं 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी' हे पुस्तक आलं. मराठीतल्या सुरुवातीच्या स्त्री-आत्मचरित्रांत ते मोजलं जातं. म्हणजे एकीकडे मागचं आयुष्य लिहून काढत होत्या आणि त्याच वेळी वाड्यातल्या वर्गांचा पसारा वाढत होता.

आधी शाळा, मग ससून

नर्सिंगचं प्रशिक्षण ससूनमध्ये मिळू शकत होतं. मग सेवासदनची गरज काय होती? सरळ हॉस्पिटलमध्ये का नाही जायचं?

कारण ससूनच्या दारापर्यंत पोचायलाच मध्ये बऱ्याच पायऱ्या होत्या आणि त्यातली एकही बांधलेली नव्हती. ज्या बायकांना कामाची सगळ्यात जास्त गरज होती, म्हणजे तरुण विधवा, टाकून दिलेल्या बायका, त्यांतल्या कितीतरी जणींना वाचता येत नव्हतं. बाटलीवरचं नाव वाचल्याशिवाय औषध देता येत नाही. आकडे लिहिता येत नसतील तर ताप मोजून उपयोग नाही. वर ससूनमधला बराच कारभार इंग्रजीत. म्हणून सेवासदनने पहिली पायरी बांधली ती शाळेची. मोठ्या वयाच्या बायकांसाठी प्राथमिक वर्ग, शिवण, मग प्रथमोपचार आणि घरगुती शुश्रूषा, मग इंग्रजी. तिशीतली बाई मुळाक्षरं गिरवतेय, यात लाजण्यासारखं काही नाही अशी ती जागा होती.

दुसरी पायरी राहण्याची. विधवा बाईने घर सोडून शहरात राहायचं कुठे? भाड्याने खोली कोण देणार? आणि रात्रपाळी करून पहाटे ती परत आली की गल्ली काय बोलणार? सेवासदनने वसतिगृहं काढली. शिकाऊ नर्सेससाठी वेगळं, डॉक्टरकीच्या विद्यार्थिनींसाठी वेगळं. आज आपल्याला हॉस्टेल म्हणजे मेसची तक्रार आणि वॉर्डनशी वाद एवढंच आठवतं. पण त्या बायकांचं अख्खं शिक्षण या एका सोयीवर टिकून होतं.

तिसरी पायरी घरच्यांची समजूत, आणि हे काम रमाबाईंनाच जमण्यासारखं होतं. न्यायमूर्तींची विधवा स्वतः हमी देतेय म्हटल्यावर बाप, भाऊ, सासरे थोडे नरम पडायचे. आक्षेप कमी नव्हते. कुठल्याही जातीच्या माणसाच्या अंगाला हात लावायचा. पुरुषांच्या वॉर्डात जायचं. रक्त, घाण, भांडी. सोवळ्यातल्या घरांना हे सगळं अशक्य वाटायचं. रमाबाईंनी या लोकांशी वाद जिंकायचा प्रयत्न फारसा केला नाही. त्या स्वतः साध्या राहायच्या, देवधर्म पाळायच्या, सण-वार करायच्या. त्यामुळे ही बाई आपल्या मुलीला बिघडवेल, असं म्हणायला जागाच उरायची नाही. कुणाला हे फार सावध वाटेल. पण याच सावधपणामुळे पहिल्या मुली वॉर्डात पोचल्या.

१९११ च्या सुमारास सेवासदनच्या विद्यार्थिनी ससूनमध्ये नर्सिंग शिकायला जाऊ लागल्या. काही जणी सब-असिस्टंट सर्जनच्या अभ्यासक्रमालाही गेल्या. १९१५ मध्ये पुणे सेवासदनची रीतसर नोंदणी झाली. शिक्षिका तयार करणारं ट्रेनिंग कॉलेज आलं. शाळा, शुश्रूषा, शिक्षिका, डॉक्टर अशा वाटा एकाच संस्थेतून फुटू लागल्या. एका वाड्यात सुरू झालेलं हे काम रमाबाई गेल्या तेव्हा हजारावर बायका-मुलींपर्यंत पोचलं होतं.

गॅलरीतली मुलं

सेवासदनच्या एका वार्षिक संमेलनातला प्रसंग सांगतात. मला या सगळ्या चरित्रात हाच प्रसंग सगळ्यात जास्त लागला, कारण त्यात आपण आहोत.

कार्यक्रमात पाहुण्यांना पुष्पगुच्छ द्यायला एक विद्यार्थिनी स्टेजवर आली. नर्सिंग शिकणारी विधवा. अंगावर स्वस्तातलं साधं लुगडं, त्या काळच्या रूढीप्रमाणे केशवपन केलेलं, डोक्यावर पदर. प्रेक्षकांत कॉलेजची मुलं होती. त्यांनी तिला पाहून हुर्यो केली. हसले, ओरडले. तुम्ही कधी गॅदरिंगला मागच्या रांगेत बसला असाल तर तो आवाज तुम्हाला माहीत आहे.

कार्यक्रम पुढे चालू राहिला. शेवटी रमाबाई बोलायला उभ्या राहिल्या. एरवी मऊ बोलणाऱ्या या बाईंनी त्या दिवशी मुलांना सुनावलं. स्वतःला शिकलेले म्हणवता आणि नशिबाने मारलेल्या, तरीही दुसऱ्यांची सेवा शिकणाऱ्या बाईला हसता? ती तुमची बहीण असू शकली असती, तुमची आई असू शकली असती. अशा आशयाचं त्या बोलल्या आणि सभागृह गप्प झालं.

हा प्रसंग वाचून मी माझ्या मैत्रिणीच्या वडिलांवरचा राग थोडा बाजूला ठेवला. ते लोकांना घाबरत होते, आणि ते लोक म्हणजे तरी कोण? सिस्टर या शब्दावरून कॉलेजच्या कट्ट्यावर केले जाणारे जोक आठवा. नर्सचं पात्र नेहमी एकाच पद्धतीने दाखवणारे सिनेमे आठवा. बापाला रात्रपाळीची भीती वाटते, ती निम्मी आपल्यामुळे. गॅलरीत बसलेली मुलं १९१० च्या दशकात संपली नाहीत.

जे राहून गेलं

रमाबाईंना देव्हाऱ्यात बसवायची गरज नाही. सेवासदन सगळ्यांसाठी खुलं होतं, पण सुरुवातीच्या बऱ्याच विद्यार्थिनी वरच्या जातींच्या घरांतल्या होत्या. आणि ज्यांच्या हातून पिढ्यान् पिढ्या अख्ख्या गावाची बाळंतपणं झाली, त्या सुईणी बहुतेक ज्यांना गावाने शिवायचं नाही असं ठरवलेल्या जातींच्या. बाळंतपण हे विटाळाचं काम, म्हणून ते त्यांच्या वाट्याला. त्यांच्या हातातल्या कौशल्याला कुणी सर्टिफिकेट दिलं नाही, त्यांच्यासाठी कुणी वसतिगृह काढलं नाही. प्रशिक्षित नर्स आली आणि सुईण अडाणी ठरली. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. नव्या ज्ञानामुळे आया आणि बाळं वाचली, आणि जुन्या बायकांची नावं कुठेच लिहिली गेली नाहीत.

शेवटच्या वर्षांत रमाबाई पुण्यात मुलींच्या सक्तीच्या प्राथमिक शिक्षणासाठी आणि बायकांच्या मताधिकारासाठी झगडल्या. मुंबई प्रांतात १९२१ मध्ये बायकांना मताधिकार देण्याचा निर्णय झाला. १९२४ मध्ये पुण्यात रमाबाई गेल्या. १९२७ मध्ये नागपुरात रमाबाई तांबे यांनी सेवासदन सुरू केलं आणि ते नाव विदर्भात आलं. १९६२ मध्ये रमाबाई रानडे यांच्या जन्मशताब्दीला भारत सरकारने टपाल तिकीट काढलं.

आजच्या पायऱ्या

आता आपल्या तालुक्यात या. केळापूर तालुक्यातल्या एखाद्या कोलाम पोडावर जा. ताप आला, बाळाला लस द्यायची, दिवस गेलेत, तर तिथे पहिल्यांदा पोचते ती आशा आणि तिच्या मागोमाग उपकेंद्राची सिस्टर. सरकारी निकषानुसार सपाट भागात ५,००० लोकसंख्येमागे एक उपकेंद्र आणि आदिवासी भागात ३,००० मागे एक. त्या एका बाईवर किती गावांचा भार असतो, याचा अंदाज करा. पांढरकवड्याच्या उपजिल्हा रुग्णालयात प्रसूतीसाठी आलेल्या बाईशी रात्री दोन वाजता जी बोलत असते, तीही सिस्टरच. त्या बाईची भाषा तिला येत असेल तर निम्मी भीती जाते. म्हणून इथल्याच मुली आणि मुलगे या कामात हवेत. गोंड, कोलाम, बंजारा घरांतले, कुणब्यांचे, सगळ्यांचे.

रमाबाईंनी ज्या पायऱ्या हाताने बांधल्या त्या आता सरकारी नियमांत आहेत. सगळ्यात छोटी वाट एएनएम. सहायक परिचारिका प्रसाविका, २ वर्षं, बारावीनंतर, कुठलीही शाखा चालते. हा कोर्स फक्त मुलींसाठी आहे. उपकेंद्रावरच्या आरोग्यसेविका याच वाटेने येतात. दुसरी वाट जीएनएम, म्हणजे सामान्य परिचर्या आणि प्रसूतिविद्या, ३ वर्षं. आर्ट्स-कॉमर्सवालेही करू शकतात, मुलगेही करू शकतात. तिसरी बी.एस्सी. नर्सिंग, ४ वर्षं. त्यासाठी बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी आणि इंग्रजी लागतं. राज्यात ही पदवी नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाची असते.

महत्त्वाचं म्हणजे या वाटा एकमेकींना जोडलेल्या आहेत. एएनएम होऊन नोंदणी झालेली मुलगी पुढे जीएनएम करू शकते. जीएनएम झालेल्यांना २ वर्षांचं पोस्ट बेसिक बी.एस्सी. आहे. त्यानंतर २ वर्षांचं एम.एस्सी., मग शिकवणं किंवा पीएच.डी. ज्यांना बाळंतपणाच्या कामातच तज्ज्ञ व्हायचंय, त्यांच्यासाठी नोंदणीकृत नर्सेसना १८ महिन्यांचा नर्स प्रॅक्टिशनर इन मिडवाइफरी हा अभ्यासक्रम आहे. म्हणजे सुईणीचं काम आता नर्स झाल्यावर पुढे शिकायचा विषय झालाय. ज्या घरात पैसे कमी आहेत, त्यांनी एएनएमपासून सुरुवात केली तरी वाट बंद होत नाही.

प्रवेशासाठी राज्य सीईटी कक्ष नर्सिंगची वेगळी परीक्षा घेतो, त्यामुळे निकालाची वाट न पाहता फॉर्मच्या तारखांवर लक्ष ठेवा. वयाची आणि टक्क्यांची अट त्या वर्षीच्या माहितीपुस्तिकेत बघा, मित्राच्या भावाने सांगितली म्हणून धरून चालू नका. कोर्स संपला की महाराष्ट्र परिचर्या परिषदेत नोंदणी करावी लागते. नोंदणी नाही तर नर्स म्हणून काम करता येत नाही. म्हणून ॲडमिशन घेण्याआधी कॉलेजला दोन प्रश्न विचारा. परिषदेची मान्यता आहे का? आणि शिकायला हॉस्पिटल कोणतं, किती खाटांचं? ज्या कॉलेजला बिल्डिंग आहे पण वॉर्ड नाही, तिथे तुम्ही नर्स होणार नाही, फक्त फी भरणार.

आणि तिसरा प्रश्न रमाबाईंचा. हॉस्टेल आहे का, रात्रपाळीनंतर सुरक्षित येण्या-जाण्याची सोय आहे का? हे विचारायला लाजू नका, वडिलांनाही विचारू द्या. त्यांची काळजी या उत्तराने कमी होते, भाषणाने होत नाही.

नोकरीच्या बाजूने बघितलं तर उपकेंद्र, ग्रामीण रुग्णालय, जिल्हा रुग्णालय, मेडिकल कॉलेज, सगळीकडे ही पदं आहेत. सरकारी दवाखान्यात स्टाफ नर्सला अधिपरिचारिका म्हणतात, पुढे बढतीने परिसेविका, मग अधिसेविका. बी.एस्सी. झालेले समुदाय आरोग्य अधिकारी म्हणूनही गावपातळीवर काम करतात. कंत्राटी नोकऱ्या, कमी पगार, एकेका सिस्टरवर पेशंटची गर्दी, हे प्रश्न आहेत आणि ते लपवण्यात अर्थ नाही. त्यासाठी नर्सेस संघटना करतात, संपही करतात. सेवा म्हटलं की पगार मागायचा नाही, असं कुणी सांगितलं तर त्यावर विश्वास ठेवू नका. सेवासदनमध्ये बायका आल्या होत्या त्या स्वतःच्या पायांवर उभं राहायलाच.

माझी ती मैत्रीण आता गावातच असते. परवा तिच्याशी फोनवर बोलले. फॉर्म राहून गेल्याचं तिने स्वतःहून काढलं नाही, मीही नाही. बोलता बोलता तिने सांगितलं की तिची धाकटी बहीण यंदा बारावीला आहे, बायोलॉजी घेतलंय, आणि हल्ली दवाखान्यातल्या सिस्टरना काहीबाही विचारत असते. घरात अजून विषय निघालेला नाही.

त्यांच्याकडे हा पेपर येतो. सकाळी पहिल्यांदा वडीलच वाचतात.